वाक्य देणारी

चपलांच्या दुकानातल्या मुलीच्या हातून वरच्या फळीवरचं खोकं निसटलं, एवढंच झालं. आत लहान मुलांचे कापडी बूट होते. खोकं जमिनीवर आपटलं, झाकण एकीकडे गेलं, बूट दुसरीकडे, आणि कोणाच्या केसालाही धक्का लागला नाही. मुलगी शिडीवरूनच "अगं बाई!" म्हणाली आणि हसली. बूट घ्यायला आलेल्या बाईच्या कडेवरच्या ठकीनं, नुकती धरून उभी राहायला लागलेल्या तिच्या लेकीनं, दचकायचं की हसायचं हे ठरवण्यासाठी आईच्या तोंडाकडे पाहिलं. आणि आईचं तोंड बोलत होतं. दबक्या, पण शेवटच्या अक्षरापर्यंत स्वच्छ पोचणाऱ्या आवाजात ते म्हणत होतं, "दार लावू नका. त्याच्याकडे किल्ली नाही."

"कोणाकडे किल्ली नाही, ताई?" शिडीवरच्या मुलीनं विचारलं. गल्ल्यावरचे काका भले होते. ते उठले, दुकानाचं काचेचं दार सताड उघडलं, त्याला एक जड खोकं टेकवलं आणि म्हणाले, "राहू दे उघडं. येऊ दे त्यांना सावकाश." तिनं ठकीच्या पायात बूट घालून पाहिले, पैसे दिले, आणि कोणाची तरी वाट पाहतोय असं दिसावं म्हणून उगाच थोडा वेळ दारात उभी राहिली. मग हळूच रस्त्याला लागली. कोपऱ्यावरून वळून पाहिलं तर दार अजून उघडंच होतं, आणि काका पुढे येऊन रस्त्याच्या दोन्ही बाजूंना पाहत होते. तिला त्या म्हाताऱ्याला फसवल्यासारखं वाटलं. ठकीला काही कळू नये म्हणून ती नेहमीपेक्षा भराभर चालत होती.

चालता चालता तिनं ते वाक्य मनात पुन्हा म्हणून पाहिलं, दुखऱ्या दाताला जीभ मुद्दाम लावून पाहावी तसं. वाक्य तिचं नव्हतं. तिची कुठलीच वाक्यं तिची नसायची. तोच तर तिचा धंदा होता. ठकी व्हायच्या आधी ती एका नाटक मंडळीत प्रॉम्प्टर होती. रंगमंचाच्या कडेला, विंगेच्या काळ्या कापडाआड एक बुटकं स्टूल, गुडघ्यांवर संहिता, आणि फक्त कागदावर पडेल एवढाच उजेड देणारा एक दिवा. नट विसरला की पुढचे दोन-तीन शब्द त्याच्या कानापर्यंत पोचवायचे, पहिल्या रांगेतल्या माणसाच्या कानापर्यंत मात्र पोचू द्यायचे नाहीत. मंडळीत तिला नावानं कोणी हाक मारत नसे. "कुजबूज आली का? मग चला, घंटा द्या," असं म्हणत. नाटक तिनं कधी समोरून पाहिलंच नाही. तिला दिसायचा नटांचा एक कान, एक खांदा, घामानं चिकटलेली पाठ. राजाचा अंगरखा समोरून कसा दिसतो हे तिला ठाऊक नव्हतं. तो मागून टाचण्या लावून कसा आवळलाय, हे ठाऊक होतं. आणि त्या टाचण्यांसकट राजा राजाच वाटायचा, याचं तिला दर प्रयोगाला नव्यानं कौतुक वाटायचं. वाक्य देणं सोपं, वाचता येणाऱ्या कोणालाही जमेल, असं लोक समजतात. अवघड असतं ते न देणं. नट गप्प झाला की तो विसरलाय की थांबलाय, हे डोळ्याचं पातं लवायच्या आत ओळखावं लागतं. नवी असताना तिनं एका बुजुर्ग नटाला भर थांब्यात वाक्य दिलं होतं. ते रागावले नाहीत. रंग पुसता पुसता म्हणाले, "बाळ, तो श्वास माझा होता. तू का घेतलास?" तेव्हापासून ती संहितेकडे कमी आणि माणसांच्या बरगड्यांकडे जास्त पाहायला शिकली होती.

तर, किल्लीचं वाक्य मावशींचं होतं. मावशी कोणाच्याच मावशी नव्हत्या. आयुष्यभर नाटकांतून मावश्या, आत्या, शेजारणी रंगवल्या म्हणून सगळ्यांच्या मावशी. उतारवयात त्यांना पहिल्यांदा आईचं काम मिळालं होतं, तेही मुख्य. घर सोडून गेलेल्या मुलाची वाट पाहणारी आई. घरातले रोज रात्री दार लावायला उठतात आणि ही रोज तेच म्हणते. दुसऱ्या अंकात मावशी टेबलापासून उठत, सावकाश दारापर्यंत जात, चौकटीवर हात ठेवत आणि म्हणत. त्या संध्याकाळी त्या चौकटीपर्यंत पोचल्या, हात वर गेला, आणि वर कुठेतरी अगदी हलकंसं 'टक' झालं, जुनं कुलूप उघडावं तसं. मग दिव्यांची अख्खी लोखंडी दांडी एका टोकानं खाली आली. काचा, अंधार, तापलेल्या धुळीचा करपट वास. आणि मग एक शांतता, जी फक्त तिला ऐकू आली असणार, कारण नंतर लोक सांगत की प्रेक्षागृहात तर नुसता कल्लोळ माजला होता. ती शांतता तिनं ओळखली. चुकीची ओळखली. मावशी विसरल्या, असं तिला वाटलं. तिचं बोट ओळीवर होतंच. तिनं वाक्य दिलं. मावशी बोलल्या नाहीत. तिनं परत दिलं, जरा मोठ्यानं. खुर्च्या पडत होत्या, कोणीतरी मेन स्विच, मेन स्विच म्हणून ओरडत होतं, आणि ती अंधारात, दिसत नसलेल्या ओळीवर बोट ठेवून, लोखंडाखाली अडकलेल्या बाईला वाक्य देत होती. दार लावू नका. दार लावू नका. त्याच्याकडे किल्ली नाही. शेवटी मागून एक तळहात आला आणि तिच्या तोंडावर घट्ट बसला. कपडेपटाच्या बाईंचा. त्या हाताला पावडरीचा वास होता.

"थोडक्यात निभावलं," असं सगळे म्हणाले. खरंच होतं ते. कोणी दगावलं नाही. मावशींच्या कमरेचं हाड मोडलं, एक पाय कायमचा आखूड झाला, पण जीव वाचला. आणि कुजबूज? तिला तर ओरखडाही नाही. हे वाक्य तिला इतक्या जणांनी इतक्या प्रेमानं ऐकवलं की पुढे ती स्वतःच ते म्हणू लागली. ओरखडा नाही म्हणजे काही नाही. दवाखान्याच्या व्हरांड्यात कोणीतरी तो किस्सा सांगून चार माणसांना हसवलंही, "ही आपली वाक्यच देतेय!" तीही हसली. हसण्यासारखंच होतं. हसता हसता तिची नजर व्हरांड्यातल्या ट्यूबलाइटकडे गेली, ती कशाला टांगलीय ते पाहायला, आणि तिथून ती नजर पुन्हा पूर्णपणे खाली कधी आलीच नाही. कुठल्याही खोलीत शिरलं की आधी वर. पंखा, माळा, पडद्याचा दांडा. बोलणाऱ्याला कळू नये अशा बेतानं, पण वर. घरात ती प्रत्येक गोष्टीच्या अर्धा शब्द पुढे राहू लागली. नवरा बोलायला लागला की त्याच्याबरोबर तिचे ओठ हलत. तो गमतीनं म्हणे, "पुढचं तूच बोल की, मी जेवतो." कप टेबलाच्या कडेला ठेवलेला दिसला की तो पडायच्या आधीच तिच्या पोटात फुटलेला असे. जगाला पुढचं वाक्य माहीत नाही, आणि ते आपण वेळेवर दिलं नाही तर काहीतरी खाली येईल, असं काहीसं ते होतं. पण असं शब्दांत तिनं ते कधी स्वतःलाही सांगितलं नव्हतं.

मग ठकीची चाहूल लागली आणि सुंठीवाचून खोकला गेला. बाळ आहे, आता कसलं नाटक. मंडळींनी ओटी भरावी तशा शुभेच्छा भरल्या आणि कोणी काही विचारलं नाही. एक सासूबाईंना तेवढं कळलं असावं. कारण ठकीच्या पहिल्या अंघोळीनंतर त्यांनी पावडरीचा डबा उघडला आणि ही भिंतीला टेकली, पांढरीफटक, घामानं चिंब. सासूबाईंनी तिच्याकडे पाहिलं, डब्याकडे पाहिलं, झाकण लावलं. "ह्या हवेत पावडर नकोच मेली, अंगाला चिकटते," असं हवेलाच सांगितलं. दुसऱ्या दिवसापासून तो डबा घरात दिसला नाही. शेजारणीनं बाळ बघायला येताना नवा आणला, तोही दारातच कुठेतरी विरला. का, कशाला, काही नाही. सासूबाई तशा बोलायला कमी नव्हत्या. भाजी चिरण्यावरून, दिवा न मालवण्यावरून त्या दिवसभर पट्टा चालवत. पण ह्या एका गोष्टीभोवती त्यांनी न बोलण्याचं जे कुंपण घातलं होतं, त्याच्याकडे पाहून तिला वाटे, विंगेत बसायला खरं तर ही बाई हवी होती. न देणं हिला जमतं.

ठकीचं मात्र वेगळंच होतं. ठकीला संहिता नव्हती. ती रडायच्या बेतात आहे असं वाटावं तोवर खदखदून हसे. झोपली म्हणून पाऊल मागे घ्यावं तर टक्क डोळे. अर्धा शब्द पुढे जायला जागाच नाही. घरातल्या एवढ्या माणसांत एकट्या ह्या पोरीबरोबर तिचे ओठ आपोआप हलत नसत, आणि दूध पाजताना कधी कधी, ते इवलं तोंड आपल्या लयीत ओढत असताना, तिची नजर छतावरून सुटून खाली यायची. पण घटकाभरच. मग वरच्या मजल्यावर कोणी खुर्ची सरकवायचं.

बुटांची पिशवी आणि ठकीला सांभाळत ती घरी पोचली तर बाहेरच्या खोलीत, भिंतीला पाठ लावून, गुडघ्यांवर काठी आडवी ठेवून, मावशी बसल्या होत्या.

"ये, ये. तुझ्याच घरी तुझं स्वागत करतेय," मावशी म्हणाल्या. "सासूबाईंनी चहा दिला, बिस्किटं दिली. तुझ्या तक्रारी सोडून सगळं दिलं."

"तक्रारी तुम्ही मागितल्या कुठे," सासूबाई आतून म्हणाल्या. "पाहिजे तर दुसऱ्या कपाबरोबर देते."

तिनं पिशवी खाली ठेवली. दवाखान्यानंतर ती मावशींना भेटली नव्हती. त्या वाळल्या होत्या, पण आवाज तोच, शेवटच्या रांगेला धरून बसवणारा. मावशी वर बघत होत्या. चोरून नाही, मान मागे टाकून, सरळ, गिऱ्हाईक माल बघतं तसं.

"पंखा पक्का आहे ना गं?"

"आहे," ती म्हणाली. तो पक्का आहे हे तिला ठाऊक होतं. रोज पाहत होती.

"नाही, विचारून घेते. मी हल्ली सगळीकडे विचारते. बँकेत विचारलं परवा. साहेब म्हणाला, बाई, तुम्ही पैसे काढायला आलात की तपासणीला? म्हटलं, दोन्ही. बिचाऱ्यानं शिपायाला स्टुलावर चढवून हलवून दाखवला. मग बसले."

असं विचारता येतं? तिच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण गार नाही, कोमट. इतके दिवस ती जे लाजेसारखं पापण्यांखाली लपवत होती, ते ही बाई भर बँकेत मोठ्यानं विचारून आली होती, आणि वर पैसेही काढून आली होती.

"मास्तर नाटक परत उभं करतायत," मावशी म्हणाल्या. मास्तर म्हणजे मंडळींचे दिग्दर्शक. "तेच नाटक. मीच. आणि विंगेत तू."

"ठकी लहान आहे हो, मावशी."

"दिसतेय की. गोड आहे. आत्तापासून तिच्या नावावर थापा मारू नकोस." मावशींनी ठकीला काठीचं टोक धरू दिलं. मग तितक्याच सहजपणे म्हणाल्या, "त्या वेळी तू वाक्य देत होतीस. मला ऐकू येत होतं."

ज्या गोष्टीसाठी ती दवाखान्यात दुसऱ्यांदा गेली नव्हती, ती गोष्ट अशी चहाच्या कपाशेजारी येऊन बसली. "मला वाटलं, तुम्हाला नसेल..."

"न यायला काय झालं? गल्लीतल्या कुत्र्यालासुद्धा गेलं असेल ऐकू. अगं, कमरेवर लोखंड, तोंडात धूळ, हलता येईना, आणि ही बया मला वाक्य देतेय! असा संताप आला ना मला. म्हटलं, एकदा बाहेर पडू दे, हिला संहितेनंच बडवते. त्या रागापायी शुद्ध हरपायची राहून गेली." त्यांनी कप खाली ठेवला. "म्हणजे तू मला वाचवलंस वगैरे काही नाही हां. नाटकी बोलायचं नाही. राग आला होता, बस्स. आता तोही गेला. पण त्या वाक्याशी आले की मी थांबते. घरी आरशासमोर म्हणून बघितलं. आधीचं सगळं येतं, तिथे येऊन भिंत. अंग तिथे नसतंच माझं. कुठे जातं कोण जाणे. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, ह्याला नाव आहे. भलंमोठं आहे, माझ्या तोंडात बसेना. मी म्हटलं, बाई, आमच्यात ह्याला न लिहिलेली एंट्री म्हणतात. कागदावर नाही, पण येते मेली, आणि ऐन रंगात येते."

"मग... नका ना करू हे काम."

"मग काय करू? मावश्या?" मावशी म्हणाल्या, आणि पहिल्यांदाच त्यांचा आवाज पहिल्या रांगेच्याही अलीकडे राहिला. "जन्मात एक आई मिळाली गं. तू असशील तर उभी राहीन. दुसरं कोणी तिथे बसलं तर नाही. मी करून बघितलंय. मास्तरांनी दुसरी मुलगी बसवली होती. हुशार आहे. पण मी थांबले की ती घाबरते. तू घाबरणार नाहीस."

"मी तर सगळ्यात जास्त घाबरेन."

"तेच म्हणतेय. तुझं घाबरून झालेलं आहे."

आतून सासूबाई म्हणाल्या, "पोरगी मी सांभाळते. पाजायच्या वेळेला तिथेच घेऊन येईन." हे वाक्य त्यांना कोणी दिलं नव्हतं.

तालमीला गेली तेव्हा तिला वाटलं होतं, दारातूनच आपण परत फिरू. फिरली नाही, कारण मावशी रंगमंचावर मधोमध उभ्या होत्या आणि प्रकाशवाल्याला हुकूम सोडत होत्या, "आण खाली." दिव्यांची दांडी दोरांवरून हळूहळू उतरली, मावशींच्या छातीइतकी आली. त्यांनी तिच्यावर तळहात ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि हात तिथेच राहू दिला. काठी थरथरत होती. कपाळावर घाम होता. "ने वर," त्या म्हणाल्या. रोज तालमीआधी हे होई. प्रकाशवाला एकदा म्हणाला, "मावशी, नवी तार आहे, दुहेरी आहे, हत्ती टांगला तरी हलणार नाही." तर म्हणाल्या, "माहितीय रे. तारेला सांगायला येत नाही मी. माझ्या पाठीला सांगायला येते, तिला ऐकू कमी येतं." लोक हसले. ती विंगेत स्टुलावर बसून पाहत होती आणि तिला वाटत होतं, धीट माणसं अशी नसतात असंच आपण आजवर समजत होतो. धीट म्हणजे ज्याचा हात थरथरत नाही. आणि ही बाई तर थरथरणारा हात घेऊनच रोज कामाला येते, डबा घेऊन यावं तशी.

तिची स्वतःची गत मात्र निराळीच निघाली. पहिल्या अंकात तिचा आवाज यायचा. नट अडखळले की शब्द जाऊन पोचायचे, जुन्या वाटेनं पाणी जावं तसे. पण दुसऱ्या अंकातलं ते पान उलटलं की घसा बंद. त्या वाक्याशी मावशी थांबायच्या, आणि त्याच क्षणी इकडे तिचंही सगळं थांबायचं; आणि मावशी कशाबशा पुढे गेल्या, तरी तिचा आवाज काही परत यायचा नाही. नाटक संपेपर्यंत ती ओळींवरून बोट फिरवत बसे, मुक्यानं, आणि कोणी अडलं तर मास्तरच समोरून ओरडून सांगत. मग ती रंगपटात जाऊन ठकीला पाजत बसे. तिथे पावडर होतीच, आरशांवर, खुर्च्यांच्या पाठींवर, हवेत. तिनं खुर्ची दारापाशी ओढून घेतली होती. कपडेपटाच्या बाई दार उघडं धरायच्या आणि हात पाठीमागे ठेवून उभ्या राहायच्या. तो तळहात त्यांनाही आठवत असावा, हे तिच्या इतक्या दिवसांनी लक्षात आलं. त्या संध्याकाळी तिच्या तोंडावर नुसता हात आला नव्हता. तो कोणाचा तरी हात होता, आणि तोही घाबरलेला होता.

मास्तर वैतागले होते. त्यांचंही चूक नव्हतं. प्रयोग तोंडावर आला होता आणि दर तालमीत त्या जागी मावशी चौकटीवर हात ठेवून उभ्या राहत, कधी थोडा वेळ, कधी इतका की बाकीचे पायावरचा भार बदलत. शेवटी ते म्हणाले, "आपण ते वाक्य काढून टाकू. तुम्ही दारापर्यंत जा, नुसतं बघा, आणि वकीलसाहेब पुढचं घेतील." वकीलसाहेब म्हणजे मावशींच्या नवऱ्याचं काम करणारे नट, खरे वकील नव्हेत, जन्मभर वकिलांच्या भूमिका केल्यानं ते नाव आणि तो घसा खाकरायचा रुबाब त्यांना चिकटला होता.

"वाक्य काढायचं नाही," मावशी म्हणाल्या.

"पण तुम्ही थांबताय, मावशी."

"थांबतेय ना. मग थांबणं बसवा. टेबलापासून दारापर्यंतचं चालणं बसवलंत, तसं हे बसवा. सगळ्यांना सांगून ठेवा, म्हातारी इथे थांबते. किती, ते म्हातारीलाही ठाऊक नाही. कोणी हलायचं नाही, कोणी खोकायचं नाही." मग त्या विंगेकडे वळल्या. "आणि कुजबुजे, तू मला वाक्य द्यायचं नाहीस. मी येईन माझी."

"आणि नाही आलात तर?" हे तिनं विचारलं, आणि तिलाच नवल वाटलं की ते बाहेर पडलं.

"तर बसून राहू सगळे. लोकांनी तिकिटं काढलीयत, जातायत कुठे!"

मास्तरांनी कपाळाला हात लावला, वकीलसाहेबांनी घसा खाकरला, पण ती जागा तशी बसवली गेली. तिनं संहितेत त्या ओळीशेजारी काही लिहिलं नाही. लिहायला शब्दच नव्हता. विसरणं नव्हे, थांबणंही नव्हे. धंद्यात ह्या दोनच गोष्टी होत्या आणि ही तिसरी होती, आणि ती तिच्या चांगल्या ओळखीची होती. बुटांच्या दुकानात, अंघोळीच्या खोलीत, वरच्या मजल्यावरच्या खुर्चीखाली ती हिच्यातच तर उभी राहत आली होती. फरक इतकाच की तिनं ती काढून टाकायची धडपड केली होती आणि मावशी त्या तिसऱ्या गोष्टीला चांगली ऐसपैस जागा करून देत होत्या, उजेडात, लोकांसमोर.

प्रयोगाच्या संध्याकाळी प्रेक्षागृह भरलं होतं. काही लोक नाटक बघायला आले होते, काही मावशी पडतात का ते बघायला. माणसं माणसांसारखीच असतात. पहिला अंक सुरळीत गेला. मध्यंतरात तिनं ठकीला पाजलं, सासूबाईंच्या खांद्यावर दिलं. सासूबाई म्हणाल्या, "जा. नीट बस. पाठ दुखेल." मग दुसरा अंक. ती विंगेत, गुडघ्यांवर ते पान. घशात ते नेहमीचं झाकण बसू लागलेलं तिला कळत होतं. मावशी टेबलापासून उठल्या. आखूड पायाची ती चाल आता म्हातारीचीच वाटत होती, जणू नाटककारानं लिहून ठेवलेली. त्या चौकटीपर्यंत गेल्या. हात वर ठेवला. आणि गेल्या, म्हणजे तिथेच उभ्या होत्या, पण तिला विंगेतून त्यांचा एक कान, मानेची शीर, पदराखालची बरगडी दिसत होती आणि त्या बरगडीत कोणी नव्हतं. श्वास नव्हता. तिच्यातला सगळा जुना धंदा उसळून वर आला, दे, दे, विसरलीय ती, दे. ओठ उघडलेही. तेवढ्यात मावशींनी मान मागे टाकली आणि वर पाहिलं. सरळ. दांडीकडे, दिव्यांकडे, भर प्रयोगात, शेकडो लोकांदेखत, बँकेत पंखा बघावा तसं. लोकांना वाटलं असेल, आई आभाळाकडे बघतेय. बघू देत. तिनं ओठ मिटले. दिलं नाही. त्या तिसऱ्या जागेत ती मावशींच्या बाजूला जाऊन नुसती उभी राहिली, इथे स्टुलावर बसल्या बसल्या. भीती होती, करपट वास होता, ते सगळं असू दिलं. किती वेळ गेला ते तिनं मोजलं नाही. मग मावशींची बरगडी हलली. एक श्वास आत गेला, खोल, ओला, ऐकू येईल असा. मान खाली आली. आणि मावशी म्हणाल्या, कोणालाही न सांगता, दारालाच सांगावं तशा, "दार लावू नका. त्याच्याकडे किल्ली नाही."

तिसऱ्या-चौथ्या रांगेत कोणीतरी हुंदका दिला. आता पाळी वकीलसाहेबांची. ते टेबलाशी बसले होते आणि मावशींकडे बघत होते, तोंड अर्धवट उघडं, डोळे भरलेले. जन्मभर कोर्ट गाजवलेला तो माणूस नुसता बघत राहिला होता, प्रेक्षक होऊन गेला होता. त्यांचा हात कपाकडे गेला, अडला. मान किंचित खाली झुकली. श्वास थांबला. हे मात्र तिनं तत्क्षणी ओळखलं. हे साधं होतं, रोजचं होतं, ह्यात काही तिसरं वगैरे नव्हतं. म्हातारा चक्क वाक्य विसरला होता. तिचं बोट एक ओळ खाली सरकलं.

"मग पांघरूण आण," ती म्हणाली. शब्द विंगेतून निघाले, टेबलापर्यंत गेले, पहिल्या रांगेच्या अलीकडे थांबले.

"मग पांघरूण आण," वकीलसाहेब म्हणाले. "वारा गार आहे."

आणि तिनं पान उलटलं. आपला आवाज आला होता हे तिच्या दोन ओळी पुढे जाऊन लक्षात आलं. पण तेव्हा थांबायला वेळ नव्हता, सुनेचं काम करणारी नवी मुलगी प्रवेश करत होती, आणि ती ह्या पानावर नेहमी अडखळायची.